अकरा चांदण्या

"फ्रेंड कसं लिहायचं गं?" टिलीनं विचारलं. मी कांदा परतत होते, मागे न बघताच म्हणाले, "फ्रिजवर बघ की. गेल्या शुक्रवारच्या टेस्टचा कागद आहे ना, चांदणीवाला, त्यात आहे." एवढंच झालं. सोमवारची संध्याकाळ, पॅनमध्ये लोणी, बाजूला पिरोगी, बटाटा भरलेल्या करंज्या, उकडून ठेवलेल्या, आई खुर्चीवर पाय टाकून टीव्हीसमोर पेंगतेय, आणि टेबलावर टिलीची बावीस कार्डं पसरलेली. शुक्रवारी व्हॅलेंटाइनचं कार्ड वर्गातल्या प्रत्येकाला द्यायचं असतं, आवडत नसलेल्यालासुद्धा, तसा नियमच आहे. फ्रिज तिच्यापासून दोन पावलांवर. तिनं मानसुद्धा वळवली नाही. डोळे मिटले. मग मला टकटक ऐकू आली. टेबलाखाली, लिनोलियमच्या फरशीवर, तिच्या डाव्या टाचेची. ओठ हलतायत, टाच वाजतेय, मध्ये एक छोटी उडी, परत टकटक, परत उडी, आणि मग तिसऱ्यांदा, हळू आवाजात, "एफ, आर, आय, ई, एन, डी." डोळे उघडून ती म्हणाली, "हे का ते?" मी म्हणाले, "हेच." तिनं लिहिलं. दुसरं कार्ड पुढे ओढलं. डोळे मिटले. परत पहिल्यापासून. परत दोन उड्या, परत तिसऱ्यावर फ्रेंड. लिहिलेलं कार्ड कोपराला लागून समोर पडलेलं, त्यात बघून उतरवायचं तर तेही नाही. त्या कागदावर फ्रेंड आहे हे तिला दिसतच नव्हतं. कांदा करपला. आई खुर्चीतून ओरडली, "रेन, झोपलीस का काय?" आणि मी तशीच उलथणं हातात धरून उभी. कारण ती टाच माझी होती. ते गाणं माझं होतं. मीच दिलं होतं तिला.

गाणं म्हणजे गाणं नाही, शब्द नाहीतच त्यात, नुसती अक्षरं. मी पहिलीत होते तेव्हा आई वृद्धाश्रमाच्या चादरी घरी आणून घड्या घालायची. सोमवारी बाई दहा शब्दांची यादी द्यायच्या, शुक्रवारी टेस्ट. आईला वेळ कुठला? ती चादर झटकायची आणि यादीतली अक्षरं म्हणायची, एस, एच, आय, पी, घडी, परत झटका, पुढची अक्षरं. शब्द काय आहे ते म्हणायचीच नाही, थकलेली असायची. मी मागून म्हणायचे. मग मी बाहेर फूटपाथवर दोरीच्या उड्या मारताना तेच म्हणायला लागले. एका अक्षराला एक टप्पा, शब्द संपला की जोडउडी. गुरुवारपर्यंत दहाच्या दहा शब्द एका लांब दोरीसारखे माझ्या पायात बसलेले असायचे. शुक्रवारी बाई काहीतरी बोलायच्या, थांबायच्या, मी एक शब्द उतरवायचे. बोलायच्या, थांबायच्या, पुढचा. बाई काय बोलतात ते मी ऐकतच नव्हते. ऐकायची गरजच नव्हती. दहापैकी दहा. आईनं त्या कागदांचा एक डबाच केला होता बिस्किटांचा, कुणी आलं की उघडून दाखवायची. मी आईच्या मांडीला टेकून उभी राहायचे आणि मला वाटायचं, वाचणं म्हणजे हेच असतं. बाकीची पोरं पुस्तकाकडे बघून बोलतात तेव्हा त्यांनी ते पुस्तक आधी घरी उड्या मारून आणलेलं असणार. मला खरंच असं वाटायचं. हसायचं असेल तर हसा.

मग तिसरी. मिसेस प्रुइट. त्यांच्या टेबलावर एक काचेचा गोळा होता, हलवला की आत बर्फ पडायचा, त्याला हात लावायचा नाही. एका शुक्रवारी मागच्या बाकावरची पोरं एकमेकांचं बघून लिहितात म्हणून त्यांनी यादी खालून वर वाचली. सांगितलं नाही. त्या म्हणाल्या नाइफ, मी लिहिलं आयलंड. त्या म्हणाल्या क्लाइंब, यादीतला नववा, मी त्याखाली दुसरा लिहिला. दहा शब्द, एकाही अक्षराची चूक नाही, सुंदर गोल अक्षरात, आणि दहाच्या दहा चूक. शून्य. असा कागद त्यांनी आयुष्यात बघितला नसेल. त्यांना एकच अर्थ लागला. सगळ्यांसमोर म्हणाल्या, "बाह्या वर कर." मी केल्या. "डेस्क उघड." उघडला. "मोजे." मी मोजे काढले. फरशी गार होती, आणि समोरच्या रांगेतली डार्सी माझ्या पायाच्या बोटांकडे बघत होती, अंगठ्याच्या नखावर आईचा लाल रंग अर्धा उडालेला. चिठ्ठी सापडली नाही. "कुठे लपवलीस?" मी काय सांगणार? चिठ्ठी पायातच होती, पण ती काढता येत नव्हती. मी मोजे त्यांच्या टेबलावर फेकले. काचेचा गोळा खाली पडला. फुटला नाही, नुसता गडगडत दारापर्यंत गेला, आत बर्फच बर्फ. त्या दिवसापासून मी कॉपी करणारी, वर आक्रस्ताळी. आईनं बिस्किटांचा डबा उघडणं बंद केलं. मला नंतर वाचता यायला लागलं, नाही असं नाही, बसच्या पाट्यांवरून, शिव्यांवरून, सिगारेटच्या पाकिटावरून, रागारागानं एकेक शब्द ओढून आणला मी. पण वर्गात बाई पुस्तक घेऊन माझ्याकडे यायला लागल्या की मी आधी भांडण काढायचे. भांडण काढलं की बाहेर काढतात, बाहेर वाचावं लागत नाही. असं दहावीपर्यंत चाललं. मग मीच बाहेर पडले. आता सतरा वर्षांची आहे, गाड्या धुते. आमच्या ईरी शहरात हिवाळाभर बर्फ वितळायला रस्त्यावर मीठ टाकतात, गाड्या पांढऱ्याफटक होऊन येतात, मी मीठ काढते. माझे हात बघा, सांगायला नको.

आणि गेल्या सप्टेंबरात टिली दुसरीत गेली, पहिल्या शुक्रवारी दहापैकी चार आणून रडली, तेव्हा मी काय केलं? तिला अंगणात नेलं, दोरी दिली आणि म्हणाले, "रडतेस काय वेडे, सोप्पं असतं, हे बघ." लाडानं दिलं. माझ्याकडे द्यायला दुसरं होतं काय? मग ती घसरत घसरत शिकली, मध्ये एकदोन आठवडे चुकली, आणि नोव्हेंबरपासून सलग अकरा कागद, प्रत्येकावर सोनेरी चांदणी. सलग बारा झाल्या की बाईंबरोबर वर्गात बसून पिझ्झा खायला मिळतो, बाकीची पोरं कँटीनमध्ये असताना. बारावी ह्या शुक्रवारी. आणि पुढच्या वर्षी तिसरी.

मंगळवारी मी कामावरून आले आणि फ्रिजवरची ह्या आठवड्याची यादी काढून कात्रीनं कापली. दहा पट्ट्या. माझ्या लोकरी टोपीत टाकल्या. टिली दूध पीत होती, ती ग्लास ठेवून किंचाळलीच. "रेन! ती माझी यादी आहे!" "आहे ना. सगळी टोपीत आहे. काढ एक." "क्रमानं लाव." "नाही." "क्रमानं लाव ना, प्लीज." "काढ म्हणते ना." तिनं एक पट्टी काढली, दोन बोटांत धरून बघत राहिली, झुरळ धरल्यासारखी. मग माझ्या चेहऱ्याकडे बघायला लागली. हे मी ओळखते. कागदावर काही सापडलं नाही की समोरच्याच्या तोंडावर शोधायचं. "स्कूल?" ती म्हणाली. माझा चेहरा हलला नाही. "मदर? लाइट?" "बघून सांग." "बघतेच आहे!" "माझ्याकडे बघतेयस. कागदाकडे बघ." तिनं पट्टी चुरगळली आणि म्हणाली, "तुला पण येत नाही. आई म्हणते तुला शाळेतनं हाकललं." माझं डोकं सटकलं. हात उचललाच होता मी, खरं सांगते, आणि मग टेबलाखाली परत ती टकटक सुरू झाली, घाबरलेली, भराभर. हात तसाच खाली आणला आणि तिचा पाय धरला. मोजा ओला होता, बर्फातून आलेला. म्हणाले, "हा नाही. ह्याला झोपू दे." पट्टी सरळ केली. वॉटर होतं. मी तिला शब्द म्हणून दाखवला, हळू, च्युइंगमसारखा ताणून. मला कुणी असं शिकवलं नव्हतं, मी पाट्या वाचताना मनात करायचे तेवढंच. "ताण. दोन हातांनी धर आणि ताण. आत काय काय ऐकू येतंय?" तिनं हात लांब केले. तोंड वेडंवाकडं केलं. "वॉऽऽ," म्हणाली, "ट्ट," आणि मग रडायला लागली, पण हात सोडले नाहीत. त्या दिवशी दहातल्या दोन पट्ट्या झाल्या. तिसरी पट्टी मी काढली, पीपल, आणि एक क्षण मलाही ती नुसती काड्यांची जुडी दिसली.  

बुधवारी आईला चिंधड्या सापडल्या. ती कोट न काढताच उभी राहिली, कोटावरचा बर्फ फरशीवर ठिबकत होता. "हे काय चाललंय? परवा टेस्ट आहे तिची." "म्हणूनच." "अकरा आठवडे पोरगी चांदण्या आणतेय आणि तुला बघवत नाही का?" "आई, तिला वाचता येत नाही." "वाचता येत नाही! मग दहापैकी दहा काय मांजर लिहून येते?" टिली लगेच म्हणाली, "आपल्याकडे मांजर नाहीये." मी पट्टी काढून तिच्यासमोर धरली. आईसमोर. टिलीनं आईच्या चेहऱ्याकडे बघितलं, मग माझ्या, मग परत आईच्या. "फ्रेंड?" ती म्हणाली. ते ह्या यादीत नव्हतंच. आईनं पट्टी माझ्या हातातून घेतली, बघितली, दुमडली, कोटाच्या खिशात टाकली.  मग तिचा आवाज मऊ झाला, आणि मला रागापेक्षा तोच जास्त लागला. "शुक्रवार जाऊ दे, रेन. एवढा एक. लेकराला पिझ्झा खाऊ दे बाईंबरोबर. मग कर तुला काय करायचं ते. आपल्या घरात कुणाला काही मिळालंय का असं?" तिचे हात धुण्याच्या सोड्यानं उकललेले, माझ्यासारखेच. मला तिच्या मांडीला टेकावंसं वाटलं. एक शुक्रवार. एवढाच. पण मला माहीत होतं, मागून अजून एक येतो, त्याच्यामागे अजून, आणि प्रत्येक शुक्रवारी ती पोर जास्त उंचावर चढत जाते, आणि एक दिवस कुणीतरी यादी खालून वाचतं. मी म्हणाले, "नाही." आई म्हणाली, "तुझ्यासारखी करायचीय का तिला?" मी म्हणाले, "झालीय. तेच सांगतेय."

गुरुवारी मी कामावरून लवकर सुटले आणि शाळेत गेले. तीच शाळा. रबरी बूट, पँट गुडघ्यापर्यंत ओली, अंगाला साबणाचा वास. ऑफिसात वहीत नाव लिहायचं असतं, कशासाठी आलात तेही. मी 'बहीण' लिहिलं, लिहिताना ऑफिसातली बाई माझ्या पेनाकडे बघत नव्हती तरी बघतेय असं वाटलं. टिलीच्या बाई, मिसेस हॅवर्टी, तरुण आहेत, नाकाला सर्दी, बाहीत टिश्यू कोंबलेला. मला पोरांच्या खुर्चीवर बसवलं, माझे गुडघे हनुवटीला लागले. मी सरळच म्हणाले, "उद्या यादी क्रमानं वाचू नका." "का गं?" "कुठूनही वाचा. मधूनच. फक्त क्रमानं नको." त्या हसल्या. "टिलीची काळजी नको करूस, ती माझी सगळ्यात तयार—" "ती तुमचं ऐकतच नाही. तुम्ही थांबलात की ती लिहिते. तुम्ही शिव्या दिल्यात तरी तिचे दहाच्या दहा येतील." त्यांचं हसू तोंडावर तसंच राहिलं, पण डोळे दुसरीकडे गेले, भिंतीकडे, जिथे शब्दांचे कागद अक्षरांप्रमाणे लावलेले होते. मग हळू म्हणाल्या, "जानेवारीत एकदा माझ्याकडून पाचवा शब्द वाचायचा राहिला होता. सगळ्यांची पुढची उत्तरं एकेक ओळ वर सरकली. टिलीच्या कागदावर मात्र पाचवा शब्द होता. मी न वाचलेला. मला वाटलं, किती समंजस पोर, बाईंची चूक सांभाळून घेतली." त्यांनी बाहीतला टिश्यू काढला, परत कोंबला. "तुला कसं कळलं?" आणि मी सांगितलं. चादरी, दोरी, आयलंड, मोजे. नऊ वर्षांत कुणाला सांगितलं नव्हतं, आणि सांगायला चार मिनिटं लागली. एवढीशी गोष्ट. खिडकीबाहेर कुणीतरी मैदानावरचा बर्फ खरडत होतं, खर्र, खर्र. "मिसेस प्रुइट आता रिटायर झाल्यात," त्या म्हणाल्या, "तुला जर त्यांना पत्र—" "मला त्यांचं काही नकोय. मला उद्या उलटसुलट यादी हवीय." "तिची बारावी चांदणी जाईल." "जाऊ दे." "पिझ्झा—" "जाऊ दे म्हणते ना!" मी ओरडलेच. त्या दचकल्या. मी म्हणाले, "सॉरी. पण तिचे मोजे काढायला लावू नका." मिसेस हॅवर्टींनी खण उघडला. उद्याची यादी काढली, आणि माझ्यासमोर प्रत्येक शब्दाशेजारी वेगळा आकडा लिहिला.

मिसेस प्रुइटनं सांगितलं नव्हतं. मी सांगितलं. टिलीला घेऊन घरी येतायेता, कोपऱ्यावरच्या बंबवाल्यांच्या नळापाशी, तिला सांगितलं की उद्या बाई कुठूनही वाचणार. ती थांबली. "त्यांना कुणी सांगितलं?" "मी." तिनं आधी एक हातमोजा काढून मला मारला, मग दुसरा, मग बर्फ. "तू घाण आहेस! माझा पिझ्झा होता तो! तुला कधी मिळाला नाही म्हणून!" रस्त्यावरची माणसं बघत होती. मी उभी राहिले. डोळ्यात बर्फ गेला तरी उभी राहिले. हातमोजे उचलले. घरापर्यंत ती माझ्यापुढे दहा पावलं चालत होती, मागे वळून न बघता, आणि मी बघत होते, तिची टाच फूटपाथवर कुठे उडी मारते का. रात्रीच्या जेवणाला माझ्याकडे पाठ करून बसली. टोपी टेबलावर तशीच. आईनं फिश स्टिक्स वाढल्या, आमच्या दोघींकडे बघितलं, खिशातून दुमडलेली पट्टी काढली आणि टोपीत टाकली. मग खुर्ची ओढून बसली. जरा वेळानं टिलीनं, पाठ तशीच ठेवून, हात मागे करून टोपीतली एक चिठ्ठी ओढली.

शुक्रवारी तीन वाजता मी कुंपणापाशी उभी होते. पोरं बाहेर आली, कार्डांनी फुगलेल्या कागदी पिशव्या घेऊन, तोंडं गुलाबी साखरेनं माखलेली. टिली शेवटी आली. "डेव्हिनला मिळाला पिझ्झा," ती म्हणाली, "त्याला तर आवडत पण नाही, तो वरचं सगळं काढून टाकतो." आणि खिशातला कागद माझ्या पोटावर ढकलला. दहापैकी तीन. चांदणी नाही. वर लाल शाईत फक्त तीन, आणि खाली एक बारीक ओळ, आईनं सही करावी म्हणून. सात शब्दांवर रेघ. मी कुंपणाला टेकले आणि वाचायला लागले, मोठ्यानं, ताणून. पहिल्या ओळीवर अक्षरं कमी होती, पण म्हणून बघितलं तर वॉटर. त्याखाली एक भलतीच जुडी, ती म्हटली तर पीपल. लाइटमध्ये तिनं नुसती ऐकू आलेली तीनच अक्षरं टाकली होती, पण लाइटच होता तो, दुसरं काही नाही. एकही शब्द दुसऱ्याच्या जागेवर नव्हता, काल बाईंनी माझ्यासमोर टाकलेल्या आकड्यांचाच क्रम. बाईंनी जे म्हटलं तेच त्या ओळीत होतं, मोडकं, लंगडं, पण तेच. ह्या पोरीनं ऐकलं होतं. दहा वेळा ऐकलं होतं. "काय रडतेस?" टिली म्हणाली, "तुझे थोडीच गेले मार्क." मी म्हणाले, "वारा आहे." "वारा नाहीये." "चूप बस. चल."

फ्रिजवरचे अकरा कागद काढले नाहीत मी. हा तीनवाला त्यांच्यावर लावला, त्याच लोहचुंबकानं. आई कामावरून आल्यावर कोट न काढता त्याच्यासमोर उभी राहिली. तिचे ओठ हलत होते. "हे इनफ आहे?" "म्हणून बघ." तिनं म्हणून बघितलं. परत म्हणून बघितलं. "इनफ," ती म्हणाली, आणि फ्रिजच्या वरून पेन घेऊन सही केली. टिलीनं टेबल रिकामं केलं, उरलेली कार्डं, दुधाचा ग्लास, सगळं बाजूला. एक कोरा कागद माझ्यासमोर ठेवला. "आता तू," ती म्हणाली, "बस नीट. हात टेबलावर. आणि पाय बाहेर काढ, मला दिसले पाहिजेत." मी खुर्ची मागे सरकवली. पाय पुढे घेतले, दोन्ही, फरशीवर सपाट. तिनं टोपीत हात घातला, चिठ्ठी काढली आणि चेहरा वर न करता, बोट ठेवून, बघत राहिली, खूप वेळ. मी पेन्सिल उचलली नाही. आधी ऐकायचं होतं.